गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर: आधी ब्रॅकीचं विचारा, मशीनचं नंतर

प्रश्न थोडक्यात असा: आत्याचं वय ५४, राहणं सांगली जिल्ह्यात. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, टप्पा तीन-बी. उजव्या मूत्रपिंडाला सूज, हिमोग्लोबिन ८.२. जवळच्या केंद्रात २५ शेक (बाहेरून द्यायचं रेडिएशन), दर आठवड्याला एक केमो आणि चार वेळा आतून रेडिएशन असं सांगितलं आहे. पुण्यातलं एक मोठं रुग्णालय म्हणतं की त्यांच्या नव्या मशीनवर सगळं बाहेरूनच होईल, आतलं लागणार नाही. खर्च मात्र कितीतरी जास्त. घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, पिशवीच काढून टाका. चांगलं रेडिएशन कोणतं, आणि ते आणखी चांगलं कसं करून घ्यायचं?

कागद आणि एमआरआय न पाहता मी त्यांचा प्लॅन ठरवू शकत नाही. पण या दोघांतून निवडायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पहिलं केंद्र. त्यांनी आतलं रेडिएशन, म्हणजे ब्रॅकीथेरपी, सांगितली आहे आणि दुसऱ्यांनी ती गाळली आहे. या आजारात एवढ्या एका फरकापुढे मशीनचं नाव, मॉडेल आणि लॉबीतला संगमरवर सगळं दुय्यम आहे.

आधी पिशवी काढण्याचं बघू. मूत्रपिंडाला सूज आली याचा अर्थ गाठीने मूत्रवाहिनी दाबली आहे, म्हणजे आजार पिशवीच्या तोंडाच्या बाहेर, कुशीच्या बाजूला सरकलेला आहे. तिथून तो सुरीने पूर्ण निघत नाही. मागे राहिलेल्या आजारावर मग रेडिएशन द्यावंच लागतं, आणि तेही अपुरं पडतं. कारण आतलं रेडिएशन देताना जी बारीक नळी ठेवतात ती गर्भपिशवीच्या पोकळीतच बसते. पिशवी गेली की नळीची जागा गेली. मग योनीच्या वरच्या टोकाला सिलिंडर ठेवून वरवरचा डोस देता येतो, पण खोलवर उरलेल्या गाठीपर्यंत तो पुरत नाही. आपल्याकडे, विशेषतः मराठवाड्यात, अंगावरून जातंय म्हटलं की तपासणी न करता पिशवी काढायची आणि पंधरा दिवसांनी रिपोर्टमध्ये कॅन्सर निघायचा, असे रुग्ण अजूनही येतात. त्यांना बरं करणं फार अवघड होऊन बसतं. याच्या आधीच्या टप्प्यांतही शस्त्रक्रियेचा हट्ट फायद्याचा ठरत नाही. टाटा मेमोरियलमध्ये एक-बी-दोन ते दोन-बी टप्प्यातल्या ६३५ स्त्रियांवर चाचणी झाली. आधी केमो देऊन गाठ लहान करायची आणि मग ऑपरेशन, हा एक गट. थेट केमोसह रेडिएशन, हा दुसरा. पाच वर्षांनी आजार न उलटलेल्यांचं प्रमाण पहिल्या गटात ६९.३ टक्के आणि दुसऱ्यात ७६.७ टक्के निघालं. घरच्या मंडळींना हे आकडे दाखवा.

आता आतलं रेडिएशन एवढं महत्त्वाचं का, ते. बाहेरून २५ शेकांत ४५ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशन मोजायचं माप) डोस जातो, काही ठिकाणी ५० ग्रे. त्यापलीकडे फारसं जाता येत नाही, कारण त्याच भागात लहान आतडं असतं आणि त्याला ते सोसत नाही. इतका डोस लसिकाग्रंथींत लपलेल्या सूक्ष्म पेशींना पुरतो. काही सेंटिमीटरची गाठ कायमची मारायला मात्र एकूण ८५ ग्रे किंवा त्याहून जास्त लागतात. मधली चाळीसेक ग्रेची तूट आतून भरून काढायची असते. पिशवीत नळी आणि तोंडाशी कडी किंवा दोन गोळे बसवतात, आणि त्यातून इरिडियमचा तांदळाच्या दाण्याहूनही लहान स्रोत फिरवतात. शेकोटीला चिकटून बसलेला भाजतो आणि चार पावलं मागे उभ्या असलेल्याला जेमतेम ऊब लागते, तसा हा डोस गाठीत प्रचंड असतो आणि मूत्राशय-गुदाशयापर्यंत पोहोचेतो झपाट्याने उतरतो. शिवाय श्वासाने, लघवीने, गॅसने पिशवी हलली तर तिच्याबरोबर नळीही हलते, त्यामुळे नेम चुकत नाही. बाहेरच्या किरणांना ही सोय नाही. मशीन कितीही नवं असलं तरी ते या हलत्या लक्ष्यावर बाहेरूनच नेम धरतं.

‘बाहेरूनच आतल्याइतका डोस देऊ’ हा प्रयोग झालेला आहे. अमेरिकेत डॅलसला, ज्यांच्यात ब्रॅकी करणं जमत नव्हतं अशा स्त्रियांना एसबीआरटी पद्धतीने बाहेरून नेमका मोठा डोस देऊन पाहिला. त्रास इतका झाला की १५ रुग्णांनंतर चाचणी मुदतीआधीच थांबवावी लागली. तिथलंच आणखी एक उदाहरण: अमेरिकेत या कॅन्सरसाठी ब्रॅकी मिळणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण १९८८ मध्ये ८३ टक्के होतं, ते २००९ मध्ये ५८ टक्क्यांवर आलं. मशीनं सुधारत होती आणि ब्रॅकी गळत होती. ज्यांची ब्रॅकी झाली त्यांच्यापैकी चार वर्षांनी साधारण ६४ टक्के जणींना या कॅन्सरने मृत्यू आलेला नव्हता. ज्यांची झाली नाही त्यांच्यात हे प्रमाण साधारण ५२ टक्के होतं. मी या क्षेत्रात औषधं येताना आणि जाताना पाहिली आहेत. बारा टक्क्यांचा फरक पाडणारं औषध निघालं असतं तर त्याची किंमत काही लाखांत असती आणि पहिल्या पानावर बातमी आली असती.

अर्थात ब्रॅकी केली म्हणजे झालं असंही नाही. ती कशी करतात यावर बरंच अवलंबून आहे, आणि गेल्या वीस वर्षांत खरी सुधारणा इथेच झाली. १९३८ पासून जगभर मँचेस्टर पद्धत चालत आली. तिच्यात योनीच्या वरच्या टोकापासून २ सेंमी वर आणि नळीपासून २ सेंमी बाजूला एक बिंदू धरतात, त्याला ‘पॉइंट ए’ म्हणतात, आणि डोस त्या बिंदूला मोजतात. सोपी, जलद आणि एक्स-रेवर भागणारी पद्धत. अडचण एवढीच की बिंदू सगळ्यांचा सारखा आणि गाठ प्रत्येकीची वेगळी. मोठ्या गाठीची कड डोसाबाहेर राहायची आणि लहान गाठ असलेल्या बाईचा गुदाशय उगाच भाजायचा. २००५-०६ मध्ये युरोपातल्या तज्ज्ञगटाने एमआरआयवर गाठ पाहून, तिच्या आकाराप्रमाणे डोस घडवण्याचे नियम मांडले. त्यावर आधारित एम्ब्रेस नावाच्या अभ्यासात २००८ ते २०१५ दरम्यान १,३४१ स्त्रिया होत्या, मुंबईच्या टाटातल्याही. पाच वर्षांनी ९२ टक्के जणींमध्ये कटीभागातल्या मूळ गाठीवर ताबा टिकून होता, आणि त्यात पुढच्या टप्प्यातल्या स्त्रियाही होत्या. फ्रान्समध्ये एक्स-रेवरची जुनी आणि स्कॅनवरची नवी पद्धत शेजारी ठेवून पाहिली. केमोसह रेडिएशन झालेल्या गटात गंभीर दुष्परिणाम २२.७ टक्क्यांवरून २.६ टक्क्यांवर आले.

म्हणून केंद्रात गेल्यावर विचारा: नळी बसवल्यावर स्कॅन करता का, आणि प्रत्येक वेळी करता का? काही ठिकाणी पहिल्या वेळचा प्लॅन पुढच्या तिन्ही वेळा वापरतात. नळी नव्याने बसवली की ती थोडी वेगळी बसते, मूत्राशय वेगळा भरलेला असतो, गाठही दर आठवड्याला लहान होत असते. जुना प्लॅन चालवण्यात वेळ वाचतो, दुसरं काही नाही. एमआरआय दर वेळी परवडत नाही हे मला ठाऊक आहे. पहिल्या ब्रॅकीला एमआरआय आणि पुढच्या वेळांना सीटी, हा मधला मार्ग अगदी योग्य आहे. तेही नसेल तर सीटी आणि गुदमार्गातून केलेली सोनोग्राफी. टाटाच्या डॉ. उमेश महांतशेट्टी यांनी या सोनोग्राफीवर बरंच काम केलं आहे, आणि आपल्यासारख्या देशाला ते फार उपयोगाचं आहे, कारण सोनोग्राफीचं यंत्र तालुक्यालाही असतं.

तुमच्या आत्याच्या बाबतीत दुसरा प्रश्न सुयांचा. तीन-बी मध्ये गाठ एका बाजूला कुशीच्या भिंतीकडे पसरलेली असू शकते. २५ शेकांनंतरही ती तिकडे शिल्लक राहिली तर नुसत्या नळीचा डोस पोहोचत नाही. अशा वेळी नळीबरोबर त्या बाजूला पोकळ सुया घालून डोस तिकडे खेचून नेतात. हे काम सरावाचं आहे आणि सगळीकडे होत नाही. गरज पडली तर तुम्ही सुया घालता का, नाहीतर कुठे पाठवता, हे आज विचारलेलं बरं. पाचव्या आठवड्यात विचाराल तर धावपळ होईल. यासाठी मुंबईला जावं लागलं तर दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती इथे राहण्याची चौकशी करून ठेवा.

मशीनबद्दल विचारायचंच असेल तर हे विचारा: स्रोत केव्हा बदलला? इरिडियम ७४ दिवसांत निम्मं होतं. जुन्या स्रोतानेही डोस बरोबर देता येतो, फक्त वेळ जास्त लागतो. पण नवा स्रोत यायला उशीर झाला की ब्रॅकी बंद, आणि रुग्ण ताटकळत. काही केंद्रांत कोबाल्टचा स्रोत असतो, तो निम्मा व्हायला पाच वर्षांहून जास्त लागतात. लहान गावातल्या केंद्राला तो सोयीचा आणि कामाला तितकाच चांगला. कोबाल्ट म्हणजे जुनाट, असा गैरसमज इथे तरी ठेवू नका.

वेदनेविषयी कोणी बोलत नाही, म्हणून मी बोलतो. नळी बसवताना पुरेशी भूल न देता, एखादं इंजेक्शन देऊन ‘थोडं सहन करा बाई’ म्हणत काम उरकण्याची पद्धत काही ठिकाणी अजून आहे. एकदा तसं झालं की ती बाई दुसऱ्या वेळी येत नाही, आणि मग फाइलवर ‘रुग्ण उपचार सोडून गेला’ अशी नोंद होते. कमरेतून भूल देऊन किंवा झोपेचं औषध देऊन हे नीट करता येतं. शिवाय बाई आखडून पडली असेल तर नळी नीट बसत नाही, मागचा गुदाशय दूर ढकलण्यासाठी गॉज नीट भरता येत नाही. भूल चांगली तर डोस चांगला. भूलतज्ज्ञ असतात का, हे बिनदिक्कत विचारा.

आता वेळ. पहिल्या शेकापासून शेवटच्या ब्रॅकीपर्यंत सगळं ५६ दिवसांत संपलं पाहिजे, रविवार आणि सण धरून. मार खाणाऱ्या कॅन्सरपेशी तीन-चार आठवड्यांनी उलट जोमाने वाढू लागतात. एम्ब्रेसच्याच गटाने गोळा केलेल्या जुन्या नोंदींवरून असा हिशोब निघाला की उपचार एक आठवडा लांबणं म्हणजे गाठीला ५ ग्रे डोस कमी मिळाल्यासारखं आहे. आणि हा आठवडा किती सहज जातो! मशीन दोन दिवस बंद. जुलाब झाले म्हणून तीन दिवस घरी. गौरी-गणपती. पेरणी, नाहीतर ऊसतोड. जावेच्या मुलीचं लग्न. सगळ्यांत जास्त दिवस मात्र बाहेरचे शेक संपल्यावर जातात, कारण कितीतरी केंद्रांत बाहेरचं मशीन असतं आणि ब्रॅकी नसते. शेवटच्या शेकाच्या दिवशी हातात चिठ्ठी देतात, ‘ब्रॅकीसाठी अमुक ठिकाणी जा.’ तिथे नव्याने केसपेपर, नव्याने तपासणी, नव्याने भुलेची फिटनेस, तीन आठवड्यांनंतरची तारीख. दोन्ही एकाच छताखाली होत असेल तर उत्तम. नसेल तर पहिल्या शेकाच्या आठवड्यातच ब्रॅकीच्या केंद्रात नाव नोंदवा आणि चारही तारखा कागदावर लिहून घ्या. गाठ लवकर आकसली तर चौथ्या-पाचव्या आठवड्यातच ब्रॅकी सुरू करता येते, फक्त ब्रॅकीच्या दिवशी बाहेरचा शेक आणि केमो देत नाहीत. मशीन बंद पडलं तर शनिवारी शेक द्या किंवा सहा तासांच्या अंतराने एका दिवसात दोन द्या, अशी विनंती तुम्हीच करा. बहुतेक डॉक्टर ती मान्य करतात. कोणी आठवण करून देत नाही एवढंच.

सुरू करण्याआधी याच आठवड्यात उरकायच्या दोन गोष्टी आहेत. हिमोग्लोबिन ८.२ आहे, ते १० च्या वर न्या आणि उपचारभर तिथे ठेवा. अशक्त रक्ताच्या रुग्णांमध्ये रेडिएशनचा निकाल कमजोर येतो. लोहाच्या गोळ्यांना आता वेळ नाही, रक्त चढवावं लागेल. घरातल्या तरुणांनी रक्तदानाला तयार राहावं. मूत्रपिंडाची सूज आहे म्हणून क्रिएटिनिन (मूत्रपिंड किती काम करतं ते दाखवणारी रक्ततपासणी) बघा. वाढलेलं असेल तर यूरॉलॉजिस्टकडून स्टेंट किंवा पाठीतून नळी टाकून लघवीला वाट करून घ्या. सिस्प्लाटिन हे केमोचं औषध मूत्रपिंडाला जड असतं, आणि अनेक स्त्रियांचं केमो निव्वळ या एका कारणाने बुडतं.

ते बुडू देऊ नये. तीन-बी मध्ये केमो खरंच उपयोगी पडतं का, यावर बरीच वर्षं शंका होती. १९९९ मध्ये पाच चाचण्यांच्या आधारे केमोसह रेडिएशन जगभर रूढ झालं, पण पुढच्या टप्प्यांत फायदा धूसर होता. तो प्रश्न टाटा मेमोरियलने सोडवला. तीन-बी च्याच ८५० स्त्रिया, निम्म्यांना नुसतं रेडिएशन, निम्म्यांना दर आठवड्याला सिस्प्लाटिन जोडून. २०१८ मध्ये निकाल छापून आला: पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ४६ टक्क्यांवरून ५४ टक्के झालं. तुमच्या आत्याला सांगितलेले उपचार यावरच उभे आहेत, आणि या स्त्रिया आपल्याच होत्या, अशाच उशिरा आलेल्या.

नव्या औषधांबद्दल तुम्हाला कोणीतरी विचारेलच. इंटरलेस चाचणीत रेडिएशनआधी सहा आठवडे दर आठवड्याला कार्बोप्लाटिन आणि पॅक्लिटॅक्सेल दिलं. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ७२ वरून ८० टक्के झालं. औषधं जुनी आणि स्वस्त आहेत, म्हणून मला हा मार्ग आवडतो. पण त्यातल्या बहुतेक स्त्रिया दुसऱ्या टप्प्यातल्या होत्या, आणि रेडिएशनची तारीख लागून असताना ते सहा आठवडे ‘तोवर केमो घ्या’ म्हणून भरायचे नसतात. पेम्ब्रोलिझुमॅब हे रोगप्रतिकारशक्तीचं औषध केमो-रेडिएशनला जोडल्यावर तीन वर्षांनी हयात असलेल्यांचं प्रमाण ७४.८ वरून ८२.६ टक्के झालं, आणि तीन-बी साठी ते लागू पडतं. किंमत मात्र अनेक लाखांची आणि मुदत जवळपास दोन वर्षांची. परवडत असेल तर जरूर बोला. त्यासाठी शेत विकू नका. या दोन्ही चाचण्यांत ब्रॅकी चोख होती आणि वेळ पाळलेली होती. तो पाया नसताना वरचं औषध तितकं काम करेल, असं मानायला आधार नाही.

पुण्याच्या मशीनला मी अगदीच मोडीत काढत नाही. आयएमआरटी (बाहेरची किरणं हव्या त्या भागाच्या आकारात घडवण्याची पद्धत) आणि रोजचा स्कॅन यांचा फायदा आतड्यांना होतो. टाटाच्याच पार्सर चाचणीत, ऑपरेशन झालेल्या ३०० स्त्रियांमध्ये, आतड्याचा उशिरा होणारा त्रास ४२.४ वरून २१.१ टक्क्यांवर आला. पिशवी शाबूत असताना गणित थोडं बदलतं, कारण ती मूत्राशयाच्या भरण्यानुसार पुढे-मागे झुकते. अरुंद नेम धरला आणि पिशवी त्याच्या बाहेर गेली तर नुकसान. म्हणून रोज शेकाआधी लघवी करून, अर्धा लिटर पाणी पिऊन ठरावीक वेळ थांबायला सांगतात. हे पाणी न पिण्याचं कारण मी बायकांना विचारतो तेव्हा उत्तर ठरलेलं असतं: एसटीत लघवीला कुठे जायचं? म्हणून त्यांना केंद्रावर तासभर आधी पोहोचवा आणि पाणी तिथे प्यायला लावा. जवळच्या केंद्रात आयएमआरटी आणि ब्रॅकी दोन्ही असेल तर आयएमआरटी घ्या. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राकडून समजून घ्या. दोघांतून एकच मिळत असेल तर ब्रॅकी.

नंतरच्या दोन गोष्टी आत्तापासून माहीत असू द्यात. रेडिएशननंतर योनीमार्ग आकसतो, चिकटतो. जखम बसल्यावर डायलेटर (योनीमार्ग मोकळा ठेवणारी गुळगुळीत दांडी) वापरायला शिकवतात. नवऱ्याशी संबंध असोत-नसोत, तो वापरावा, नाहीतर पुढे डॉक्टरांना आत तपासताच येत नाही आणि आजार उलटला तर उशिरा कळतो. हे समजावण्याचं काम घरातल्या पुरुषांनी नर्सबाईंवर सोपवावं, म्हणजे आत्या मोकळेपणाने विचारतील. दुसरं, वर्ष-दीड वर्षाने शौचावाटे रक्त जाऊ शकतं. घाबरून गावातल्या डॉक्टरकडे जाल, ते दुर्बिणीने पाहतील, गुदाशयाच्या पुढच्या भिंतीवर लाल झालेलं दिसेल आणि कॅन्सरच्या भीतीने तिथला तुकडा काढतील. रेडिएशन झालेल्या त्या भिंतीतून तुकडा काढला तर भोक पडून मल योनीतून येऊ लागण्याचा धोका असतो. म्हणून उपचार संपताना किती ग्रे, किती वेळा, कोणत्या तारखांना दिले याचा सही-शिक्क्याचा कागद घ्या, त्याची प्रत फोनमध्ये ठेवा, आणि असं रक्त गेलं तर कोणी दुर्बिणीने बघण्याआधी त्यांना तो दाखवून आमच्यापैकी, म्हणजे रेडिएशनच्या डॉक्टरांपैकी, कोणाला तरी फोन लावायला सांगा.